वायरीची दोन टोकं

सकाळी ६:३०

आज गुरुवार. पिंपरी-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे माझी सगळ्यात घाईची सकाळ हीच. आठवडाभर फोनवर ‘गुरुवारी या’ म्हणणारी माणसं आज एकदम घरात सापडतात. वाकड-हिंजवडीकडचे आयटीवाले शनिवार-रविवार मागतात. उरलेल्या दिवसांत बिल्डरच्या साइटी. सुट्टीचा वार माझ्या वाट्याला येतच नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, बायकोची आहे.

चिखलीतल्या घराच्या दारात बॅग पूर्ण रिकामी करायची आणि पुन्हा भरायची, हा रोजचा नेम. एक, दोन, तीन आणि पाच मीटरच्या एचडीएमआय केबली, कॅट-सिक्स वायरचं बंडल, क्रिम्पिंगची पक्कड, पाइपात घालायची नायलॉनची फिश वायर, शंखजिऱ्याची पावडर, तीन रंगांच्या इन्सुलेशन टेपा, टॉर्च. तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक जुना ब्लू-रे प्लेयर. हा माझा साक्षीदार. पडदा काळा राहिला की रिसीव्हरवाला टीव्हीला नावं ठेवतो, टीव्हीवाला वायरीला, आणि गिऱ्हाईक मला. अशा वेळी ज्याच्याबद्दल माझी खात्री आहे असा एक तरी डबा जवळ हवा.

भाचा गाडीची काच पुसतोय. मोरवाडीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आला. हात चांगला आहे, घाई फार.

तेवढ्यात पहिला फोन. “भाऊ, होम थिएटर घेतलंय. एचडीएमआय कोणती चांगली?”

“किती मीटर?”

“ते नाही मोजलं. पण चांगली सांगा, पैशाचं बघू.”

दिवसातून तीनदा हा संवाद होतो. ब्रँड विचारतात, सोन्याचा मुलामा विचारतात, किंमत विचारतात. मीटर कुणी मोजलेले नसतात.

सकाळी ८:००

पुनावळे, अकरावा मजला. ताबा मिळून महिना झालेला, भिंती उघड्या, जमिनीवर प्लायवूडचे तुकडे आणि कोपऱ्यात चहाचे कागदी कप. गिऱ्हाईक चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात. क्वालिटीचा माणूस म्हणजे प्रत्येक गोष्टीला ‘किती?’ विचारणार. मला अशी माणसं आवडतात.

सोफ्यापासून टीव्हीची भिंत सरळ चार मीटर. म्हणून साहेबांनी पाच मीटरची केबल आधीच मागवून ठेवलेली. मी टेप काढली. रिसीव्हर, म्हणजे चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरांकडे वाटणारा डबा, ठेवायचाय सोफ्यामागच्या कपाटात. वायर तिथून अडीच मीटर वर सीलिंगपर्यंत जाणार, मग आडवी, वाटेत बीमला वळसा, मग टीव्हीच्या मागे दीड मीटर खाली. दोन्ही टोकांना हात फिरेल एवढा ढिला तुकडा. झाले साडेनऊ मीटर. वायर कावळ्यासारखी उडत जात नाही, भिंत धरून चालते.

“मग दहा मीटरची घेऊ?”

घेता येईल, पण तांब्याची वायर दहा मीटरला थकते. कागदावर हिशेब करून दाखवला. फोर-के चित्रात आडवे ३८४० ठिपके, उभे २१६०. तारेतून जाताना कडेची रिकामी जागा धरून ते ४४०० गुणिले २२५० होतात. सेकंदाला ६० चित्रं धरली तर ५९ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, वर प्रत्येक ८ बिटांमागे २ जास्तीचे. सेकंदाला १७.८२ अब्ज बिट. खोक्यावर ‘१८ गिगाबिट’ छापतात ते इथून येतं. तेवढं तांब्यातून पाच-सात मीटर सुखाने जातं. पुढे नशिबाचा भाग. मधली तार बारीक असेल तर पाच मीटरलाही बोंब.

“बोंब म्हणजे नक्की काय? चित्र धूसर?”

तेच तर होत नाही. जुन्या वायरीत बिघाड झाला की चित्राला मुंग्या यायच्या, भुतं दिसायची, रंग फिका पडायचा, तरी बातम्या ऐकता यायच्या. या वायरीत चित्र एक तर अख्खं येतं, नाहीतर येतच नाही. मधली पायरी अगदी अरुंद. काळ्या भागात चांदण्या चमकतात, किंवा ऐन सामन्यात दोन सेकंद पडदा काळा होतो. म्हणून महागड्या केबलीने लाल रंग जास्त लाल होतो असं सांगणाऱ्या दुकानदाराला मी हात जोडतो. सोन्याचा मुलामा पिन गंजू नये म्हणून असतो. तेवढ्यापुरता चांगलाच.

खरं तर माझा सल्ला वेगळा होता. रिसीव्हर टीव्हीखाली आणा, दोन मीटरची साधी प्रमाणित केबल पुरेल, आणि लांब जायचं ते स्पीकरच्या वायरीला जाऊ द्या, तिला अंतराचं एवढं वावडं नाही. हे बोलून मी वहिनींकडे पाहिलं.

“ते डबडं टीव्हीखाली अजिबात दिसायला नको,” वहिनी म्हणाल्या. “फर्निचरचं डिझाइन फायनल आहे.”

विषय संपला. आजवर लावलेल्या थिएटरांपैकी निम्म्यांची वायर अशाच एका वाक्याने ठरलेली आहे, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. घर त्यांचं आहे.

मग ऑप्टिकल. दिसायला एचडीएमआयच, पण पोटात तांब्याऐवजी केसासारखे काचेचे धागे. पंधरा-वीस मीटरही सहज जाते. आता प्रश्न पाइपाचा. बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने टीव्हीच्या भिंतीत पंचवीस मिलिमीटरचा पाइप टाकून ठेवलेला. मी म्हटलं, चालणार नाही. साहेब म्हणाले, का? आणि बॅगेतून चक्क व्हर्नियर काढला. सुट्टीच्या दिवशी व्हर्नियर!

केबलीचं डोकं मोजलं. धातूची चपटी जीभ चौदा मिलिमीटरच्या आत, पण तिच्यावरचं प्लास्टिकचं आवरण रुंदीला जवळजवळ एकवीस. मग पाइपाचा तुकडा घेतला. पंचवीस भरला तो बाहेरून. आतून एकवीस-बावीस. साहेबांनी डोकं पाइपात घातलं. सरळ तुकड्यात घासत गेलं. बेंडमध्ये रुतून बसलं ते पक्कड लावून काढावं लागलं. त्यांनी वर पाहिलं, चष्मा सरळ केला आणि स्वतःच सुताराला हाक मारली.

ठरलं ते असं: चाळीसचा पाइप, काटकोनी एल्बो एकही नाही, सगळे लांब बेंड. लाइटच्या वायरी त्यात घालायच्या नाहीत. एचडीएमआयच्या सोबतीला दोन कॅट-सिक्स, आज लागोत न लागोत. आणि पाइपात एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवायची. साहेबांनी विचारलं, मुलगा पुढे गेमचा डबा घेणार, सेकंदाला १२० चित्रांचा, तेव्हा ही केबल चालेल? त्यासाठी ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागते. सिनेमाला नाही लागत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, रंगाची जास्तीची खोली धरूनही अकरा गिगाबिटच्या आसपास भागतं. पण माझं म्हणणं, केबलीची काळजी आज करू नका. एचडीएमआयचा पहिला नियम डिसेंबर २००२ मध्ये आला, सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची अशा सात कंपन्यांनी मिळून केलेला. २०१३ ला १८ गिगाबिट झालं, २०१७ ला ४८. म्हणजे पुनावळ्याच्या या फ्लॅटचं कर्ज फिटेपर्यंत आणखी दोनदा तरी बदलेल. वायर ओढून बदलता येते. भिंतीतला पाइप बदलायला भिंत फोडावी लागते.

सकाळी १०:४५

निगडी प्राधिकरण. बैठं घर, दारात आंबा, अंगणात झोपाळा. काका टेल्कोतून निवृत्त. टाटा मोटर्स म्हणायला ते अजून तयार नाहीत. अमेरिकेतल्या मुलाने मागच्या महिन्यात येऊन ५५ इंची टीव्ही आणि साउंडबार लावून दिला, परत गेला, आणि तेव्हापासून दोन गोष्टी बंद आहेत: साउंडबारचा आवाज आणि काकांची नाटकं.

साउंडबारचं काम एका मिनिटाचं. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची चार भोकं, त्यातल्या एकाच्याच बाजूला ‘एआरसी’ लिहिलेलं. वायर शेजारच्या भोकात. बाकीच्या भोकांतून आवाज फक्त टीव्हीत येतो, एवढ्या एकातूनच तो बाहेरही जातो. ही सोय २००९ साली आली, आणि इतक्या वर्षांनंतरही महिन्याला पाच-सहा घरांत मी नुसती वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घालतो. याचे पैसे घ्यायला जीवावर येतं. घेतो, पण चहा झाल्यावर.

नाटकांचं प्रकरण मोठं. काकांकडे डीव्हीडींचं कपाट आहे, मराठी नाटकांचं, प्रत्येक डबीवर पेनाने तारीख. प्लेयर जुना. मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं, त्याखाली हिरवं, निळं, लाल अशी आणखी तीन. एचडीएमआय नाहीच. नव्या टीव्हीला यातलं एकही भोक नाही, फक्त हेडफोनसारखं एक बारीक छिद्र.

काकांना सगळं समजून घ्यायचं होतं. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, काका, पिवळी वायर म्हणजे एकाच पिशवीत भाजी आणि दूध. उजेड-अंधार आणि रंग एकाच तारेतून जातात, टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. म्हणून बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुष्य दिसायचं. हिरव्या-निळ्या-लाल वायरींत ते तीन पिशव्यांत वेगळं जातं, चित्र खणखणीत. पण ते भोक आता टीव्हीवाल्यांनी काढून टाकलंय. उरलं हे बारीक छिद्र, म्हणजे पुन्हा पिवळीच.

“म्हणजे पुढे जायचं म्हणून मागे गेलो,” काका म्हणाले. मग त्यांना गच्चीवरचा अँटेना आठवला. १९७३ मध्ये सिंहगडावर टीव्हीचा मनोरा सुरू झाला आणि पुण्याला मुंबई केंद्र दिसायला लागलं. काकांच्या पहिल्या टीव्हीला अँटेनापासून खाली चपटी, रिबिनीसारखी वायर होती. पावसात ती भिंतीला चिकटली की चित्र जायचं. मग काकू खिडकीत उभ्या राहून ओरडायच्या, ‘आलं, आलं... गेलं!’ आणि काका गच्चीवर सिंहगडाच्या दिशेने पाइप फिरवायचे. ती चपटी वायर ३०० ओहमची, नंतर आलेली गोल काळी ७५ ओहमची. हे मला पाठ आहे, पण चपटी वायर भिंतीला चिकटली म्हणून चित्र गेलेलं मी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी पाहिलंय.

बॅगेतला तीन भोकांचा अडॅप्टर लावला. आवाज आला, चित्र नाही, आणि उजव्या स्पीकरमधून घरघर. भाचा म्हणाला, मामा, प्लेयर गेला. गेला नव्हता. या बारीक पिनेवर चार पट्टे असतात आणि कुठल्या पट्ट्यावर चित्र, कुठल्यावर आवाज, याचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. घरघर म्हणजे चित्रच स्पीकरमध्ये शिरलं होतं. पिवळी पिन काढून लाल भोकात घातली, लाल पिवळ्यात. पडदा वर गेला.

पण माणसं रुंद, गाल फुगलेले. चौकोनी चित्र टीव्हीने ताणून रुंद केलेलं. सेटिंगमध्ये चारास तीन केलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, नट बारीक झाले. ५७६ ओळींचं चित्र २१६० ओळींच्या काचेवर, थोडं मऊ दिसणारच. काकांनी विचारलं, बाजारात एचडीएमआय करून देणारी डबी मिळते म्हणे? मिळते. भोक बदलून देते, चित्रात नवा तपशील आणून देत नाही. पैसे वाचवा.

काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या. “आता माणसं माणसांसारखी दिसतायत,” म्हणाल्या. “मघाशी सगळे सुजलेले.”

दुपारी १:१५

पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही पेठ. आजही कापडापासून कॅमेऱ्यापर्यंत काहीही हवं असेल तर पिंपरी-चिंचवडचा माणूस ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतो. वायरीचं तर हे गावच आहे. फिनोलेक्स केबल्सचं मुख्य कार्यालय इथेच, मुंबई-पुणे रस्त्यावर. कराचीत जन्मलेल्या प्रल्हाद छाब्रियांनी भावाबरोबर १९५८ साली उभी केलेली कंपनी, सुरुवात गाड्यांना लागणाऱ्या प्लास्टिक आवरणाच्या वायरींपासून. केबल टीव्हीच्या काळात गल्लीबोळांतून लोंबणारी गोल काळी वायर मी पहिल्यांदा सोलली तेव्हा वय चौदा होतं. आत तांब्याची एक तार, भोवती पांढरा फेस, त्यावर जाळी. त्या दिवसापासून माझ्या नखांत तांब्याचा कीस आहे.

दुकानात ऑप्टिकल केबलीचा भाव केला. प्रमाणित खोक्यावर क्यूआरचं लेबल असतं. एचडीएमआयच्या अ‍ॅपने स्कॅन केलं की केबल कुठली, किती लांबीची ते कळतं. दुकानदाराने दाखवलेल्या दुसऱ्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘२.१ व्हर्जन केबल’, लेबल नाही. खरं म्हणजे केबलीला व्हर्जन नसतंच, व्हर्जन डब्याचं. केबल हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड किंवा अल्ट्रा हाय स्पीड. मी स्कॅन करायला लागलो तसा तो हसला. “तू आला की धंदा होत नाही,” म्हणाला आणि आतून दुसरं खोकं काढलं.

वडापाव खाताना मागच्या आठवड्यातल्या गिऱ्हाइकाचा फोन. केबल खराब दिली, फोर-के दिसतं पण एचडीआर दिसत नाही. त्यांना टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेलं, एचडीएमआयचा सिग्नल ‘स्टँडर्ड’ वरून ‘एनहान्स्ड’ करायला लावला. बऱ्याच टीव्हींत हे भोक कारखान्यातून अर्धवट उघडंच येतं. तिकडून ‘अरेच्चा’ ऐकू आलं, मग फोन कट. केबल खराब म्हणताना आवाज चढलेला असतो, बरी निघाली की नेटवर्क जातं.

दुपारी ३:००

भोसरी, मोशी, मग पुणे-नाशिक रस्ता आणि चाकण. एमआयडीसी यायच्या आधी हा कांदा-बटाट्याचा मुलूख. बाजार अजून आहे, पण शेतात शेड उभ्या राहिल्या. आम्ही निघालो ते अशाच एका घरी. काही जमीन गेली, काहीवर गोदामं भाड्याने दिली, आणि उरलेल्या तुकड्यावर तीन मजली बंगला. तळघरात बावीस बाय चौदा फुटांची थिएटरची खोली. अण्णा, त्यांचे दोन मुलगे, सुना, नातवंडं, आणि सगळ्यांच्या वर आजी. अण्णांची एकच अट: आषाढी, दिवाळी आणि क्रिकेट, सगळं घर एका खोलीत बसून बघणार.

दोन महिन्यांपूर्वी भिंती उघड्या असताना इथे चाळीसचा पाइप टाकून पंधरा मीटरची ऑप्टिकल मीच ओढून ठेवली होती. मग पीओपी झालं, रंग झाला, गालिचा झाला. आज फक्त प्रोजेक्टर टांगायचा, दोन टोकं जोडायची, पेढे खायचे.

जोडली. रिसीव्हर चालू. प्रोजेक्टर चालू. निळ्या पडद्यावर: सिग्नल नाही.

पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. नाही. अण्णांचे थोरले चिरंजीव म्हणाले, रिसीव्हर ऑनलाइन घेतला तिथेच चुकलं. भाचा म्हणाला, प्रोजेक्टर. मी टॉवेल उलगडला. ब्लू-रे प्लेयर शिडीवर चढवला आणि दोन मीटरच्या तांब्याच्या वायरीने थेट प्रोजेक्टरला जोडला. चित्र लख्ख. मग तोच प्लेयर खाली आणून भिंतीतल्या वायरीला लावला. अंधार. साक्ष झाली. दोषी वायर, म्हणजे मी.

ऑप्टिकल केबलीला तोंड आणि शेपूट असते. डब्याकडच्या टोकाच्या पोटात बारीक लेसर बसवलेले असतात, विजेचा उजेड करणारे. पडद्याकडच्या टोकात त्या उजेडाची पुन्हा वीज करणारे डोळे. एकावर ‘सोर्स’ छापलेलं असतं, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. उलटी लावली तर काहीच होत नाही. नुसतं मौन. तांब्याच्या साध्या वायरीला हे सोवळं नाही, कुठलंही टोक कुठेही.

हे मला ठाऊक होतं. दहा वेळा भाच्याला शिकवलेलं. मग मी ब्लेड घेऊन रिसीव्हरकडच्या डोक्यावरची टेप सोलली. पीओपीची धूळ पिनांत जाऊ नये म्हणून मीच दोन्ही डोक्यांना प्लास्टिक गुंडाळून वर काळी टेप मारली होती, चांगली तीन वेढे. आणि ते करताना छापलेली अक्षरं झाकली. मग दोन डोक्यांतलं कुठलं कुठलं हे पाइपात घालताना कुणाला कळणार? टेपेखालून आधी ‘डि’ निघाला. पुढचं वाचायची गरज नव्हती.

अण्णा शेजारी उभे. लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, अण्णा, चूक माझी. वायर उलटी ओढली.

“मग आता भिंत फोडायची?” थोरले म्हणाले. धाकटी सून गालिच्याकडे बघत होती.

नाही. इथेच पाइप कामाला आला. पीओपीच्या वेळी मी सुताराशी भांडून प्रोजेक्टरजवळ एक फूट बाय एक फुटाचं झाकण ठेवून घेतलं होतं. भाचा वर चढला. वरच्या टोकाला नवी दोरी बांधली. गाठ डोक्याला नाही मारायची, ओढ डोक्यावर आली तर आतली काच तुटते. आवरणावर दोन ठिकाणी दोरीचे फास, मग टेपने सगळं निमुळतं, पेन्सिलच्या टोकासारखं. पाइपात मूठभर शंखजिऱ्याची पावडर फुंकली. मी खालून ओढणार, भाचा वरून दोरी सोडणार.

पहिले सहा मीटर लोण्यासारखे आले. मग अडकली. हा तिसरा बेंड, भिंतीतून सीलिंगमध्ये वळतो तिथला. भाचा वरून, “मामा, जोर लावा!” जोर लावायचा नसतो. तांबं मुरगळलं तर सरळ होतं, काच होत नाही. वायर दोन बोटं मागे सोडली, अर्धा वेढा फिरवली, पुन्हा ओढली. परत मागे, परत फिरवली. त्या क्षणी सगळं लक्ष बोटांच्या टोकांत असतं. पाइपात काय चाललंय ते दिसत नाही, बोटांना कळतं. चौथ्या वेळी आतून ‘टक्’ असा सूक्ष्म आवाज आला आणि ती मोकळी झाली. पूर्ण बाहेर आली तेव्हा पाइपात दोरी होती. टोक बदललं, दुसरं डोकं दोरीला बांधलं आणि आता भाच्याने वरून ओढली. सोबत आणखी एक दोरी, ती आतच राहणार. जाता जाता डोकी उघडी ठेवली, ‘डिस्प्ले’ मला खालून दिसत दिसत वर गेला. पन्नास मिनिटं. पैसे मी त्या तासाचे लावले नाहीत.

संध्याकाळी ६:१५

रिसीव्हर चालू. पडदा एक-दोन सेकंद काळा. या काळ्याची मला भीती नाही. या वेळात दोन्ही डबे एकमेकांना ओळख दाखवतात: तू किती ओळी दाखवतोस, मी कुलपाची किल्ली देतो, तू कुलूप दाखव. मग चित्र.

तपासायला मी नेहमी ‘सैराट’ लावतो. त्यातलं अजय-अतुलचं वाद्यवृंदाचं संगीत अमेरिकेत लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झालेलं. व्हायोलिनांचा ताफा एकदम उठतो तेव्हा पुढचे तीन स्पीकर एकाच उंचीने बोलतायत का ते लगेच कळतं. मग पावसाचा एक प्रसंग, मागच्या स्पीकरांसाठी.

आजींना दोन नातवांनी धरून खाली आणलं, पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसवलं. पाऊस सुरू झाला तशा आजी मान वळवून मागे बघायला लागल्या. “बाहेर वाळत घातलेलं काढलं का गं?” सुनेला विचारलं.

अण्णा पहिल्यांदा हसले. मग पेढे आले.

संध्याकाळी ७:३०

चाकणचा चौक. कंपन्यांच्या बसा, कंटेनर, कांद्याचे टेम्पो, मध्ये आम्ही. पाऊण तासात दोन किलोमीटर. भाचा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मामा, तुम्ही सांगितलंच नसतं की चूक तुमची, तर त्यांना कळलं नसतं. केबल खराब निघाली म्हणायचं.”

“मग केबलवाल्याने काय म्हटलं असतं?”

“इन्स्टॉलेशन खराब.”

“बरोबर म्हटलं असतं.”

तो पुन्हा गप्प. मोशीच्या पुढे गाडी मोकळी धावायला लागली तेव्हा झोपला.

रात्री १०:००

जेवण झालं. पुनावळ्याच्या साहेबांचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला: उघड्या भिंतीत चाळीसचा पाइप, लांब बेंड, आणि बेंडवर टेकवलेला व्हर्नियर. खाली प्रश्न, दोरी कुठल्या जाडीची? मी लिहिलं, चार मिलिमीटर, नायलॉन, दोन्ही टोकांना गाठ मारा नाहीतर आत निसटते.

मग कॅम्पातून आणलेलं नवं खोकं उघडलं. उद्या ही वायर रावेतला जाणार. वेटोळं मांडीवर घेतलं, दोन्ही डोकी दिव्याखाली धरली. छापलेली अक्षरं राखाडीवर राखाडी, माझ्या चष्म्यालाही जेमतेम. टेपेवर विश्वास उरलेला नाही. मुलीला हाक मारली, नेलपॉलिश आण म्हटलं, दोन रंग.

“कुणासाठी?”

“आण तर.”

लाल आणि मोरपंखी घेऊन आली. सोर्सच्या डोक्याला लाल ठिपका, डिस्प्लेच्या डोक्याला मोरपंखी. वरच्या बाजूला आणि खालच्याही, आणि वायरीवर एक वीतभर मागे आणखी एकेक, म्हणजे डोकं टेपेत गेलं तरी तो बाहेर राहील. माझा हात जाड, पहिला ठिपका ओघळला. तिने बाटली माझ्या हातातून घेतली, वायर स्वतःच्या गुडघ्यावर ठेवली आणि जीभ दातांत धरून दुसरा काढला. एकदम गोल.

“दुसरा हात देऊ का?” तिने विचारलं. “एका हातात निघतं हे.”

दे, म्हटलं. आणि फुंकर मारू नकोस, थुंकी उडेल.